भाजी घरापासून किती अंतरावर आहे, हे शहराच्या नियोजनाने मोजावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आहारात फळे आणि भाज्या वाढवा, हा सल्ला आता डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे मिळतो. सल्ला योग्यच आहे. मात्र तो देताना असे गृहीत धरलेले असते की, मोठी माणसे दिवसाकाठी किती भाजी खातात हे त्यांच्या इच्छेवर, आवडीवर किंवा आळसावर ठरते. हे गृहीतक मला पटत नाही. घरापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरात काय विकले जाते, किती वाजेपर्यंत विकले जाते, काय भावाने आणि किती थोड्या मापात मिळते, आणि तिथवर धडपणे चालत जाता येते की नाही, यावर ताटातली भाजी फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कडेने वाघोली, हिंजवडी, उंड्री, मोशी, रावेत अशा भागांत गेल्या काही वर्षांत जी प्रचंड वस्ती उभी राहिली, तिथे राहणाऱ्यांना हे रोज अनुभवाला येते. परंतु नियोजनाच्या चर्चेत त्याला कुठेच स्थान नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० किलोकॅलरींची गरज असलेल्या व्यक्तीच्या ताटात त्यांनी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे धरली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा फळे आणि भाज्या मिळून रोज ४०० ग्रॅमची आहे आणि तीत बटाट्यासारखे पिष्टमय कंद मोजले जात नाहीत. आपण या अपेक्षेच्या किती जवळ आहोत? २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग सर्वेक्षणात १८ ते ६९ या वयोगटातील ९८ टक्क्यांहून अधिक लोकांच्या आहारात फळे-भाज्यांचे प्रमाण अपुरे आढळले. शंभरातील दहा-वीस माणसे कमी पडत असती, तर त्यांच्या सवयींबद्दल बोलणे रास्त ठरले असते. जवळपास सगळेच कमी पडत असतील, तर दोष माणसांच्या सवयींपेक्षा ती माणसे ज्या परिस्थितीत राहतात, कमावतात आणि खरेदी करतात, त्या परिस्थितीत शोधायला हवा.

आता हेच प्रमाण एका घरासाठी मांडून पाहावे. चार प्रौढांच्या कुटुंबाला पोषण संस्थेच्या हिशोबाने रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी आणि ४०० ग्रॅम फळे लागतात, म्हणजे दिवसाला दोन किलो आणि आठवड्याला चौदा किलो. आपल्याकडे बहुसंख्य घरांत चार माणसांसाठी एका वेळेला पाव किलो भेंडी किंवा गवार चिरली जाते. दरडोई साठ-पासष्ट ग्रॅम. त्याला दुपारची कोशिंबीर आणि रात्रीच्या आमटीतला टोमॅटो जोडला, तरी चारशे ग्रॅम फार दूर राहतात. आठवड्याला चौदा किलो माल कोणी, कुठून आणि कसा उचलून आणायचा, हा प्रश्न आहारविषयक सल्ल्यात कधीच येत नाही. ज्या घराजवळ भाजीचे दुकान किंवा हातगाडी नाही, तिथे रविवारी गाडी काढून आठवड्याची भाजी एकदम आणली जाते, आणि मग आपोआप टिकणारी भाजीच आणली जाते: कोबी, फ्लॉवर, गाजर, दुधी, शिवाय बटाटे आणि कांदे. मेथी, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, शेपू, करडई या पालेभाज्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळ्या पडतात, म्हणून त्या पिशवीत येतच नाहीत. या घरांतली पालेभाजी नावडती झाल्यामुळे बंद होत नाही. ती रोज मिळण्याची सोय संपते, म्हणून बंद होते.

आमच्या कुटुंबाने हा बदल प्रत्यक्ष पाहिला आहे. आम्ही पूर्वी पेठेत राहत होतो. महात्मा फुले मंडई पायी जाण्याच्या अंतरावर होती आणि मंडईपर्यंत जायचे नसेल, तर गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन पाट्या लागलेल्या असत. कामावरून येताना जे ताजे दिसेल ते घ्यायचे, उरलेले उद्या, असा शिरस्ता होता. पुढे मुलांच्या नोकऱ्यांच्या सोयीने आम्ही महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या एका गावातील मोठ्या गृहसंकुलात राहायला आलो. घर ऐसपैस, स्वयंपाकघर पूर्वीपेक्षा मोठे, उत्पन्न पूर्वीपेक्षा बरे, स्वयंपाक करणारी माणसे तीच आणि त्यांच्या आवडीही त्याच. तरीही पहिल्या काही महिन्यांतच ताटे बदलली. आठवड्यात तीनदा होणारी पालेभाजी एकदा होऊ लागली, उसळी आणि पिठले वाढले, आणि रात्री उशिरा आलेला मुलगा खाली मिळते ते काहीतरी बांधून आणू लागला. आमच्या घरात आरोग्याविषयी उदासीनता अचानक आलेली नव्हती. बदलला होता तो केवळ पत्ता.

त्या संकुलाच्या बाहेर रात्री साडेआठ वाजता उभे राहिले की अडचण कोणालाही दिसेल. बेकरी उघडी असते, वडापावची गाडी उघडी असते, चायनीजचे दोन-तीन स्टॉल पेटलेले असतात, केकचे दुकान असते, औषधांच्या दुकानातही चॉकलेटे आणि शीतपेये असतात, किराणा दुकानाच्या दर्शनी भागात वेफर्स आणि बिस्किटांच्या माळा लटकत असतात. याच वेळेला हिंजवडी किंवा खराडीहून निघालेली माणसे तास-दीड तास वाहतुकीत काढून घरी पोहोचत असतात. त्यांच्या वाटेवर, त्यांच्या वेळेला, त्यांच्या हाताशी जे आहे, तेच त्यांच्या पोटात जाणार. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाने शहरी कुटुंबांचे जे चित्र दिले, ते याच्याशी जुळते: दरडोई मासिक खर्चातील सुमारे साडेदहा टक्के रक्कम पेये, बाहेरचा नाश्ता आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर जाते, तर भाज्यांवर आणि फळांवर प्रत्येकी चार टक्क्यांहूनही कमी. वाढता मधुमेह आणि रक्तदाब यांची कारणे अनेक आहेत, हे मी जाणते, पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितल्यानंतर तरी रात्री साडेआठच्या रस्त्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला हवे होते.

विशेष वाईट याचे वाटते की हे सगळे पुणे जिल्ह्यात घडते आहे. नारायणगावचा टोमॅटो देशभर जातो. पुरंदरचे अंजीर, सीताफळ आणि वाटाणा नावाजलेले आहेत. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर येथून रोज भाजीचे टेम्पो निघतात आणि नाशिक, नगर व सोलापूर या रस्त्यांनी नेमक्या याच नव्या वस्त्यांना लागून शहरात येतात. तो माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा मोशी-मांजरीच्या उपबाजारात उतरतो, तिथून किरकोळ विक्रेता तो पहाटे उचलतो, पुन्हा टेम्पोचे भाडे भरतो आणि ज्या रस्त्याने माल आला त्याच रस्त्यावर उलट दिशेने आणून विकतो. या फेऱ्यात भाव वाढतो आणि ताजेपणा कमी होतो. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, तेव्हा शेतकऱ्याला थेट ग्राहकापर्यंत येता येईल, असे सांगितले गेले होते. कायद्याची अडचण दूर झाली, पण शेतकऱ्याने टेम्पो उभा करायचा कुठे, याचे उत्तर कोणी दिले नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने संत सावता माळी यांच्या नावाने सुरू झालेले शेतकरी आठवडे बाजार हा त्यातला चांगला भाग आहे आणि जिथे ते नियमित भरतात, तिथे लोक पिशव्या भरभरून भाजी नेतात. मात्र आठवड्यातून एक दिवस भरणारा बाजार बाकीच्या सहा दिवसांची पालेभाजी पुरवू शकत नाही.

रोजची भाजी पुरवते ती पाटीवाली, हातगाडीवाला आणि टेम्पोत ओटा मांडून बसणारा विक्रेता. आमच्या संकुलाजवळच्या सेवा रस्त्यालगत संध्याकाळी एक मावशी बसतात. ओले बारदान अंथरून त्यावर पालेभाजीच्या जुड्या, बाजूला दोन-तीन फळभाज्यांचे ढीग, आणि पाटीत काकड्या, लिंबे, कधी पेरू, कधी बोरे. अंधार पडला की त्या उरलेल्या मालाचे दहा-वीस रुपयांचे वाटे लावतात. हे वाटे कोण घेते, हे पाहण्यासारखे आहे. संकुलात धुणी-भांडी करून घरी निघालेल्या बायका, मागच्या बांधकामावरचे मजूर, सुरक्षारक्षक, एकेकटी राहणारी मुले. यांतल्या कोणालाही एक किलो वांगी नको असतात. एका वेळेपुरते, खिशात आहेत तेवढ्या पैशांत हवे असते. कामावरून उशिरा येणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी मावशी मेथी निवडून ठेवतात, कारण निवडलेली असेल तरच ती आज रात्री शिजेल, हे त्यांना ठाऊक आहे.

मध्यंतरी अतिक्रमणविरोधी पथकाच्या गाडीने त्यांच्या पाट्या आणि वजनकाटा उचलून नेला. त्यानंतर बरेच दिवस त्या दिसल्या नाहीत. परत आल्यावर मी विचारले, तर म्हणाल्या, "ताई, सोडवायला जायचं म्हणजे दिवस मोडतो. तोवर पाला मऊ पडतो. मग तो आणून करायचं काय?" त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागणी केल्याच्या त्याच दिवशी परत द्यावा लागतो. त्याच कायद्याने हेही सांगितले आहे की, विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, हे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी निदान एकदा व्हावे, प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना विक्रीक्षेत्रांत सामावून घ्यावे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत. मुळात जो बाजार लोकांच्या सवयीने आपोआप भरतो, तो ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही आणि निव्वळ गर्दी हेही त्याचे कारण होऊ शकत नाही, अशी तरतूद या कायद्याच्या परिशिष्टात आहे. कायदा होऊन दहा वर्षे उलटून गेली. तो विक्रेत्यांच्या उपजीविकेसाठी केला गेला, हे खरे आणि योग्यच. पण माझ्या मते तो गिऱ्हाइकांच्या आरोग्याचाही कायदा आहे, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी महापालिकेच्या आरोग्य विभागानेही आग्रह धरायला हवा.

पादचाऱ्यांची बाजू मला मान्य आहे. पदपथ पाट्यांनी भरला की वृद्ध माणसाला रस्त्यावर उतरून चालावे लागते आणि भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर तो जीवाशी खेळ होतो. मुंबईत २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. स्थानकाबाहेरची वाट मोकळी असलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच मुंबईत नोकरदार स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या स्थानकाबाहेर भाजी घेतली आहे आणि लोकलच्या महिला डब्यात बसून मटार सोलला आहे, मेथी निवडली आहे. त्या घरांत रोज ताजी भाजी शिजली, याचे श्रेय त्या स्त्रियांच्या कष्टांना आणि घरच्या वाटेवर बसलेल्या भाजीवाल्यांना आहे. १५० मीटरची रेषा आखताना १५१ व्या मीटरवर भाजीसाठी जागा, छप्पर, पाणी आणि दिवा देणे हे त्या आदेशाइतकेच निकडीचे काम होते. वाट मोकळी करणे आणि भाजी जवळ ठेवणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच यंत्रणेची आहेत. एक पार पाडताना दुसरे विसरून चालणार नाही.

या विषयावर परदेशांत बरेच संशोधन झाले आहे आणि ते प्रामाणिकपणे वाचले, तर सगळे निष्कर्ष माझ्या म्हणण्याला सरसकट दुजोरा देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत फिलाडेल्फियातील एका गरीब वस्तीत नवे सुपरमार्केट उघडल्यावर काय झाले, याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या भागात चांगले अन्न मिळते ही जाणीव लोकांत वाढली, पण फळे-भाज्या खाण्याचे प्रमाण म्हणावे तसे वाढले नाही. २०१९ मध्ये तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी मोठ्या प्रमाणावरील खरेदीच्या नोंदींवरून असे मांडले की, गरीब आणि श्रीमंत कुटुंबांच्या आहारातील दर्जाचा जो फरक आहे, त्यातला केवळ दहा टक्क्यांच्या आसपास भाग दुकानांच्या उपलब्धतेमुळे आहे. उरलेला उत्पन्न, शिक्षण, सवयी यांच्याशी निगडित मागणीमुळे आहे. हे निष्कर्ष गंभीरपणे घ्यायला हवेत. तथापि ते जसेच्या तसे आपल्याला लागू करणे चुकीचे ठरेल, असे मला वाटते. तिथे बहुतेक कुटुंबे मोटारीने काही किलोमीटर दूरच्या दुकानात जातच होती. नव्या दुकानाने त्यांचा प्रवास कमी झाला, खरेदीची पद्धत बदलली नाही. आपल्याकडे भाजीची खरेदी पायी, रोज, पाव किलोच्या मापात आणि घरी जाण्याच्या वाटेवर होते. अशा खरेदीत अर्ध्या किलोमीटरचा आणि एका रस्ता ओलांडण्याचा फरक फार मोठा पडतो. शिवाय आपल्याकडे मागणी अजून जिवंत आहे. पालेभाजी कशी निवडायची, शेपूत मूगडाळ केव्हा घालायची, हे घराघरांत माहीत आहे. ही माहिती असलेली पिढी आहे तोवर भाजी जवळ आणली, तर ती शिजेल. एक-दोन पिढ्यांनी ती हाताबाहेर गेल्यावर जवळ आणलेल्या भाजीचा उपयोग तेवढा होणार नाही, असाच अर्थ मी त्या अमेरिकी निष्कर्षांतून काढते.

त्याच देशात न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये एक वेगळी योजना आखली. ज्या वस्त्यांत ताजी फळे-भाजी मिळत नव्हती, तिथे फक्त कच्ची फळे आणि भाज्या विकणाऱ्या हातगाड्यांसाठी एक हजार परवाने देण्याचा कायदा केला. जगातील एका अतिश्रीमंत शहराला आपल्या नागरिकांच्या ताटात भाजी यावी म्हणून हातगाड्या मुद्दाम आणाव्या लागल्या. आपल्याकडे त्या आहेत, चालवणारी माणसे आहेत, त्यांना गिऱ्हाईक आहे. त्यांना फक्त उभे राहायला हक्काची जागा हवी आहे.

मोबाइलवर मागणी नोंदवली की दहा-पंधरा मिनिटांत भाजी दारात येते, तेव्हा हा प्रश्न आता उरलाच नाही, असे म्हणणारे अनेक जण भेटतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी किंवा लहान मूल घेऊन घरात अडकलेल्या आईसाठी ही सोय मोलाची आहे, हे मी मान्य करते. परंतु तीत दहा रुपयांचा वाटा नसतो. थोडक्या खरेदीवर घरपोच देण्याचे वेगळे पैसे पडतात, आणि ते वाचवण्यासाठी भाजीच्या जोडीला वेफर्स किंवा आइस्क्रीम मागवून रक्कम भरली जाते. धुणी-भांडी करणाऱ्या बाईसाठी आणि बांधकामावरच्या मजुरासाठी ही सोय जवळजवळ नाहीच. भारतासह १८ देशांच्या पाहणीवर आधारलेल्या २०१६ च्या एका अभ्यासात असे दिसले होते की, कमी उत्पन्नाच्या देशांत एका व्यक्तीला रोज फळे-भाज्यांचे शिफारस केलेले पाच भाग खायचे, तर घरातील उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम लागेल. ज्यांच्यासाठी भाजी इतकी महाग आहे, त्यांना ती संध्याकाळच्या वाट्यांतूनच परवडते, आणि ते वाटे रस्त्याच्या कडेलाच लागतात.

आता मुख्य मुद्दा, विकास आराखड्याचा. १८८६ साली पुण्यात मंडईची भव्य इमारत उभी राहिली, तेव्हा शहराला भाजीबाजार देणे हे नगरपालिकेचे काम आहे, याबद्दल शंका नव्हती. आजच्या विकास आराखड्यांतही शाळा, उद्यान, दवाखाना यांच्याबरोबर मंडईचे आरक्षण असते. ते नकाशावर हिरव्या-पिवळ्या रंगात दिसते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण उठले, तर निदान बातमी होते, नागरिक रस्त्यावर येतात. मंडईचे आरक्षण उठल्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे मी ऐकलेले नाही. समावेशक आरक्षणाच्या पद्धतीत, म्हणजे आरक्षित जागेच्या काही भागात सुविधा बांधून देऊन उरलेली जागा विकसकाने स्वतः वापरायची या पद्धतीत, बांधून दिलेली मंडई अनेकदा इमारतीच्या मागच्या बाजूला, तळघरात किंवा पहिल्या मजल्यावर असते. जिना चढून भाजी घ्यायला कोणी जात नाही. एक विक्रेता बाहेर पदपथावर येऊन बसतो, गिऱ्हाईक त्याच्याकडेच थांबते, मग बाकीचेही नाइलाजाने बाहेर येतात आणि आतले ओटे धूळ खात पडतात. त्यावरून विक्रेत्यांना शिस्त नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः लोक ज्या बाजूने घरी परततात, त्या बाजूला, रस्त्याच्या पातळीवर, बसथांब्याजवळ ती मंडई बांधली असती, तर पदपथ मोकळाच राहिला असता.

यासाठी मोठा खर्च करावा लागणार नाही. दर संकुलापासून किंवा वस्तीपासून रस्ता ओलांडण्याची सुरक्षित सोय असलेल्या दहा मिनिटांच्या पायवाटेवर रोज ताजी भाजी मिळते की नाही, हे महापालिकेने प्रभागवार तपासावे आणि जिथे मिळत नाही तिथे आरक्षणाची वाट न पाहता मोकळ्या सुविधा भूखंडावर, उड्डाणपुलाखालच्या रिकाम्या जागेत किंवा रुंद रस्त्याच्या एका बाजूला संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळेसाठी भाजी-फळांचे विक्रीक्षेत्र आखून द्यावे. रात्री दहापर्यंतची वेळ मी मुद्दाम सुचवते, कारण बऱ्याच मंडया माणसे कामावरून परतण्याआधीच आवरायला लागतात. तिथे पाण्याचा नळ, दिवा, छप्पर, कचऱ्याचा डबा आणि विक्रेत्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एवढे असले तरी पुरे. आठवडे बाजारासाठी शाळांची मैदाने आठवड्यातून एकाऐवजी तीन संध्याकाळी देता येतील का, याचाही विचार व्हावा.

गृहसंकुलांनाही यात करण्यासारखे आहे. अनेक संकुलांच्या फाटकावर भाजीवाल्यांना मज्जाव असल्याची पाटी असते, आणि त्याच फाटकातून दिवसभर तयार खाद्यपदार्थांच्या पिशव्या घेऊन दुचाकीस्वार आत जात असतात. सुरक्षेचे कारण दोघांनाही सारखेच लागू आहे. परिसरातील दोन-तीन विक्रेत्यांची नोंद करून त्यांना ठरावीक वेळी वाहनतळाच्या कडेला बसू दिले, तर वरच्या मजल्यांवरील ज्येष्ठ नागरिकांना लिफ्टने खाली येऊन स्वतःच्या हाताने पारखून भाजी घेता येईल. गुडघेदुखीमुळे महामार्ग ओलांडू न शकणाऱ्या आणि मुलांनी शनिवारी आणलेल्या फ्लॉवरवर आठवडा काढणाऱ्या कितीतरी वयस्कर जोडप्यांना मी ओळखते. वार्षिक सर्वसाधारण सभेत यासाठी एक ठराव पुरेसा आहे.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत मंडईसाठी किती आरक्षणे होती, त्यांतील किती जागा ताब्यात आल्या, किती ठिकाणी बांधकाम झाले, बांधलेल्या मंडयांतील किती ओटे वापरात आहेत, त्या किती वाजेपर्यंत उघड्या असतात, पथविक्रेत्यांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले आणि त्यानुसार कोणत्या प्रभागात किती विक्रीक्षेत्रे प्रत्यक्ष आखली गेली, ही माहिती आपल्या वार्ताहरांनी मिळवून प्रभागनिहाय छापावी. ती छापून आली, तर आपल्या नगरसेवकाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला काय विचारायचे, हे नागरिकांना नेमके कळेल. आमच्या भागापुरती ही पाहणी करायला मी आणि आमच्या संकुलातील काही ज्येष्ठ नागरिक तयार आहोत. आपल्या कार्यालयाने तक्त्याचा नमुना ठरवून दिल्यास आम्ही तो भरून पाठवू.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे